खाणीच्या टेकडीची पुरी फेरी

जवळ ये ग पोरी. पुण्यात बसल्या बसल्याच ये, पण तो फोन बाजूला ठेव आणि हे शांतपणे वाच. आधी मला तुला रागवायचंय. अहमदाबादेला शर्यतीत धावायला आलीस. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा तुझी गाडी बडोद्याच्या स्टेशनात थांबली. आणि तू काय केलंस? खिडकीतून फलाटाचा फोटो काढून पाठवलास, खाली 'मिस यू मावशी'. अगं, उतरायचं होतंस की! एवढं ऊर फुटेस्तोवर पळता येतं तुम्हाला, मावशीच्या दारापर्यंत येववत नाही.

असो. रागावून झालं. पुरतं नाही झालं, उरलेलं तू आल्यावर.

तू विचारलं होतंस, दादाच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या, धावणाऱ्या ग्रुपने तो खाणीच्या गावाचा 'सीनिक रूट' धावून काढला, तो कसा आहे म्हणून. ते त्याला विचारू नकोस, मला विचार. त्या टेकडीला मी फेऱ्या घालत होते तेव्हा तुझा दादा जन्मायचा होता, आणि 'सीनिक' हा शब्द आमच्या गावात कोणी ऐकलाही नव्हता. गावात दोनच रंग होते, तांबडा आणि काळा. तांबडी माती आणि काळं मँगनीज. नाक शिंकरलं तरी काळं निघायचं. आता त्याला निसर्ग म्हणतात.

तुझ्या आईने तुला काही सांगितलं नसणार, तिला त्या गावाची लाज वाटते. आपल्या घराण्यातले पुरुष संस्थानच्या फौजेत. आजी सांगायची, घरात भाले होते, तलवारी होत्या. मग राज्य विलीन झालं, फौज गेली, तलवारी माळ्यावर गेल्या आणि माझ्या बाबांच्या हातात आली ती भोंग्याची दोरी. पावागडच्या पलीकडे मँगनीजची खाण होती, तिथे पाळी सुरू झाली की भोंगा वाजवायचा, संपली की वाजवायचा. पण तुझे आजोबा तो भोंगा असा वाजवायचे, जणू बुरुजावरून तोफ सोडतायत. मिशा पिळून. आई म्हणायची, "पगार कारकुनाचा आणि ऐट सरदाराची."

संध्याकाळचा भोंगा झाला की बाबा आम्हा मुलांना घेऊन टेकडीला फेरी घालायचे. खाणीच्या क्वार्टर्समधली सगळी पोरं मागे. टेकडी म्हणजे देवाने केलेली नव्हे बरं. खाणीतून निघालेला, कामाचा नसलेला दगड बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून नेऊन ओतायच्या, वर्षानुवर्षं. त्याची झाली टेकडी. अलीकडची बाजू तांबड्या मातीची. तिथून बोरीच्या झाडापर्यंत जायचं. बोरीच्या पुढे वळण, आणि वळणापलीकडे जुनी रुळांची वाट, जिथून मँगनीजचे डबे जायचे. ती सगळी काळी, पायाखाली मऊ बुक्का. तिथून फिरून परत घरी. ही झाली पुरी फेरी.

आता तुझ्या आईचं ऐक. ती बोरीपर्यंत यायची आणि फतकल मारून बसायची. "पाय दुखतात." पाय कसले दुखतात, बोरं खायची असायची. आमची आई मात्र उंबऱ्यातच उभी असायची. सगळ्यांना रांगेत उभं करायची आणि परकराचे काठ बघायची. काठ नुसता तांबडा म्हणजे बोरीवरून परत. काठ काळा म्हणजे पुरी फेरी. ज्याची फेरी पुरी त्याला गूळ-शेंगदाणे, ज्याची अर्धी त्याने पाणी भरायचं. मग तुझ्या आईने युक्ती काढली. परत येणाऱ्या पोरांकडून मूठभर काळा बुक्का मागून घ्यायची आणि परकराच्या काठाला पुढून फासायची. आई तिला गर्रकन वळवायची. चालताना टाचांनी धूळ मागे उडते ना, काठ मागच्या बाजूनेच जास्त काळा होतो. हिचा मागून स्वच्छ! "पाणी भर," आई म्हणायची, दुसरं काही नाही. हे तिला वाचून दाखव. ती म्हणेल असं काही नव्हतंच. तिला म्हणावं, हंड्याची आठवण आहे का?

मग खाण बंद पडली, बाबा बडोद्याला आले, आमची लग्नं झाली, गाव सुटलं. मी सातवीपर्यंतच शिकलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या वाचून आणि नंतर वाचनालयातून, त्यामुळे माझं लिहिणं असं या फांदीवरून त्या फांदीवर जातं. सांभाळून घे. आता मी हरणीच्या, म्हणजे बडोद्यातल्या आमच्या आताच्या घराच्या, फांदीवर येते.

तुला ठाऊकच आहे, मी बाथरूममध्ये घसरले होते. काही मोडलं नाही. पण त्या दिवसापासून तुझ्या दादाने मला घरात कोंडलं. कोंडलं म्हणजे कुलूप नाही घातलं, प्रेमाने कोंडलं, जे जास्त वाईट. "आई, एकटीने बाहेर पडायचं नाही." सोसायटीच्या बागेत जा, तिथे बाक आहे, बाकावर बस. बाकावर आणखी तीन जणी आपापल्या मुलांनी आणून ठेवलेल्या. आम्ही चौघी तिथे बसून कुंड्यांसारख्या पाणी घालायची वाट बघतो.

आणि खंडेराव मार्केट बंद! हे मला सर्वांत लागलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हापासून भाजी खंडेराव मार्केटची. रिक्षा करून जायचं, एक चक्कर नुसतंच बघत मारायची, दुसऱ्या चकरेत हात लावायचा, तिसरीत घ्यायची. भाजीवाली म्हणणार, "बा, आज मोडां पड्यां?" मी म्हणणार, उशीर झाला तरी तुझी वांगी कुठे पळून जातायत? हे सगळं बंद होऊन आता भाजी फोनवरून येते. पिशवीत बंद. वांगी अशी की जणू साबणाने धुऊन पावडर लावून पाठवलीत, आणि कापली की आत अळी आरामात राहतेय. हात न लावता वांगं घेणं म्हणजे न बघता जावई करणं. पण बोलणार कोणाला?

तर एका रविवारी तुझा दादा जेवताना म्हणाला, आमचा ग्रुप त्या खाणीच्या गावाला रन करणार आहे. आमच्या कॅप्टनने नकाशावर रूट काढलाय. लेक आहे, हिल आहे, फॉरेस्ट आहे.

मी म्हटलं, "लेक कुठे आहे तिथे?"

"आहे ना. हिरवंगार पाणी. सॅटेलाइटवर दिसतं."

"अरे, ती खाण आहे. उघडी खाण. पाणी भरलंय तिच्यात. त्या खड्ड्यात माणसं उतरायची आणि खोकत वर यायची."

"बरं, पण आता लेक झालाय ना," तो म्हणाला.

घ्या! बापांनी खोकून खोकून खड्डा केला आणि मुलांनी त्याला तलाव म्हणून बघितलं.

मी म्हटलं, मी येणार. तो म्हणाला गाडीत बसून राहणार असशील तर ये. मी म्हटलं, गाडीत नाही, मी फेरी घालणार. पुरी. त्यावर तो असा हसला, जणू मी घोड्यावर बसायचं म्हणाले. मग मीही इरेला पेटले. "फेरी पुरी केली तर मला खंडेराव मार्केटला एकटीला जाऊ देशील? नाही झाली तर मी त्या बाकावर जन्मभर बसते, तोंडातून शब्द काढणार नाही."

तुझी वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. ती गुजराती, माझ्याशी मराठी बोलते आणि नवऱ्यावर चिडली की गुजरातीवर येते. ती म्हणाली, "हा पाडो ने! गभराओ छो शुं?" म्हणजे हो म्हणा की, घाबरता काय?

तो म्हणाला, "ठीक आहे. पण आमच्यासारखं वाट मोजणारं घड्याळ बांधायचं. घड्याळात पुरी फेरी दिसली पाहिजे."

कबूल, म्हटलं. तेव्हा मला या लोकांच्या धर्माची पुरती कल्पना नव्हती. त्यांच्यात घड्याळात दिसलं तेवढंच घडलं. तुझा दादा रोज सकाळी धावून येतो आणि दहा किलोमीटरला थोडंसं कमी पडलं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरांभोवती गोल गोल फिरतो. वॉचमन आधी घाबरायचा, त्याला वाटायचं साहेबांचं काही हरवलं. आता तोही, झालं का म्हणून, ओरडतो, "साहेब, थई गयुं?" एकदा घड्याळाचं चार्जिंग संपलं तर पोरगा अर्ध्या वाटेवरून रिक्षाने परत आला. म्हणे, आता धावून काय उपयोग? मी तुझ्या काकांबरोबर चाळीस वर्षं संसार केला, कुठेच नोंद नाही. म्हणजे झालाच नसेल.

निघालो. हरणीहून हालोलचा रस्ता हाताशीच, उजाडता उजाडता पोचलो. ग्रुपचे कॅप्टन कुठल्याशा कंपनीत मोठे साहेब आहेत. डोळ्यांवर काळा गॉगल, अजून ऊन पडायचं होतं, आणि अंगात अशी घट्ट चड्डी की मी पावागडकडेच बघत उभी राहिले. देवीचं दर्शनही झालं आणि अब्रूही राहिली. कमरेला पट्टा, पट्ट्यात छोट्या छोट्या पाकिटांत काहीतरी चिकट. ते चोखतात. लहान मुलाला ग्राइप वॉटर द्यावं तसं.

कॅप्टन म्हणाले, "काकी, ही हिल बघा! अनटच्ड! माणसाचा हात लागलेला नाही."

मी म्हटलं, "भाऊ, ही आख्खी माणसाच्या हातानेच झालीय. बायकांच्या डोक्यानेही. टोपली टोपलीने."

"अच्छा, अच्छा, व्हेरी नाइस," असं म्हणून त्यांनी टेकडीपुढे पाठ करून स्वतःचा फोटो काढला. खाली लिहिलं 'निसर्गाच्या कुशीत'. ज्यांच्या कुशी दुखल्या त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत.

वहिनीने तिचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, बटण दाबून दाखवलं. ती गाडीपाशी नाश्ता मांडून बसणार होती. तुझा दादा म्हणाला, मी आईबरोबर चालतो. बोलला खरा. शंभर पावलं चालला असेल, तोवर कॅप्टन ओरडले, "अरे, पेस जातोय तुझा!" तो बिचारा दोन होड्यांत पाय ठेवलेल्यासारखा उड्या मारत राहिला. मी म्हटलं, जा रे बाबा, तुझा तो पेस आधी सांभाळ, मी काय पळून जातेय? गेला.

मग मी आणि माझी काठी. आमची क्वार्टर्स दिसली. छप्परं गेलेली, भिंतीतून पिंपळ. भोंग्याचा खांब अजून उभा आहे, वर कावळा बसलेला. तोही ऐटीत. मला हसू आलं.

बोरीचं झाड नाही उरलं, पण तिच्याच जागी बोरीची झुडपं माजलीत. तिथे एक बाई शेळ्या चारत होती, माझ्याच वयाची, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत. मला विचारलं, "क्यांथी, बेन?" मी म्हटलं, बडोद्याहून, पण इथलीच, भोंगावाल्याची मुलगी. तर ती काठीवर हात ठेवून अशी हसली! म्हणाली, तुझा बाप भोंगा वाजवायचा आणि माझी आई टोपली उतरवायची. तुझ्या बापाने एकदा वेळेआधी वाजवला असता तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, मिशा खाली आल्या असत्या. दोघी हसलो. मग बोलणं लांबलं. कोण गेलं, कोण हालोलच्या कारखान्यात लागलं, कोणाचे हात त्या काळ्या धुळीने शेवटी शेवटी थरथर कापायचे. तिच्या नवऱ्याचे कापायचे. भाकरी तोडता यायची नाही, ती भरवायची. एवढं सांगून तिने एका शेळीला शिवी दिली आणि विषय बदलला. मीही बदलू दिला.

या सगळ्यात मनगटावरचं घड्याळ किंचाळलं. काहीतरी विचारत होतं. मी म्हटलं, दोन बायका बोलताना मध्ये बोलू नये, आणि बटण दाबलं. गप्प बसलं. मला वाटलं, शहाणं आहे.

बोरीच्या पुढचं वळण वेड्या बाभळीने बुजलंय. काटे असे की हत्ती अडकावा. माझा धीर सुटला. खोटं का सांगू, डोळ्यांपुढे तो बागेतला बाक आला, तीन जणी सरकून माझ्यासाठी जागा करतायत. मी शेळीवालीला म्हटलं, आता ग? ती म्हणाली, शेळ्या जातात तिथून तू नाही जाणार? बाभळीखालून शेळ्यांनी वाट पाडलेली होती. मी पदर खोचला, वाकले आणि शेळ्यांच्या मागून घुसले. एकदा अंबाडा अडकला, एकदा काठी. पुढे शेळी, मागे मी, माझ्यामागे ती, "वांकी रहे, बेन, वांकी रहे!" असं सारखं ओरडत.

पलीकडे निघाले आणि ताठ झाले, तर समोर तीच रुळांची वाट. रूळ केव्हाच कोणी काढून नेले असतील, पण पायाखाली तोच काळा बुक्का, मऊ. मी चपला काढल्या. का काढल्या ते विचारू नकोस. शेळीवाली म्हणाली, देव नथी अहीं. मी म्हटलं, माहीत आहे.

फिरून गाडीपाशी आले, तेव्हा सगळे येऊन बसलेले, ताटल्यांत खमण, आणि कॅप्टनचं भाषण चालू. "काय ट्रेल होता! पुरा लूप केला आपण. तो मागचा सेक्शन तर सुपर्ब!" सगळ्यांनी घड्याळं एकमेकांना दाखवली. किलोमीटर बरोबर जमले होते.

तुझ्या दादाने माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मला आवडलं ते, त्याला वाईट वाटलं ते. म्हणाला, "आई, हे तर बोरींपाशीच थांबलंय. तू बंद केलंस? पुढचं काहीच नाही यात."

"मी पुढे गेले होते."

"गेली असशील ग. पण... घड्याळात नाही ना. आपलं ठरलं होतं."

कॅप्टन मायेने म्हणाले, "काकी, या वयात एवढं म्हणजेही खूप. बसा, खमण घ्या."

पोरी, मी त्या क्षणी मनाने बागेतल्या त्या बाकावर बसले होते. जन्मभरासाठी.  पण खमण घ्यायला खाली टेकले आणि समोर काय, तर सगळ्यांचे पाय. पांढरे, पोपटी, नारिंगी बूट. महागाचे. आणि सगळे तांबडे. टाचांपर्यंत तांबडे, मागून पुढून तांबडे. काळ्याचा एक ठिपका नाही.

मी म्हटलं, "अरे, तुमच्यातलं कोणी मागच्या बाजूला गेलं का?"

"म्हणजे काय काकी, पुरा लूप..."

"जरा उभे राहा बघू सगळे. रांगेत."

माझा आवाज आईसारखा निघाला असणार, कारण ते मोठे साहेबसुद्धा खमण हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, आता मागे वळा. वळले! मी तुझ्या वहिनीला म्हटलं, तू बघ ग, मी काही बोलत नाही. आणि मग मी उठून तिच्याकडे पाठ केली. माझ्या साडीचा काठ मागून घोट्यापर्यंत काळाकुट्ट, वर बाभळीचे दोन काटे अडकलेले, आणि तळपाय तव्यासारखे. तिला मी परकराची गोष्ट किती वेळा सांगितलीय. तिने आधी माझा काठ बघितला, मग रांगेतले बूट बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं आणि सरळ गुजरातीवर आली.

"एटले तमे लोको गया ज नथी?" म्हणजे तुम्ही लोक गेलाच नाहीत?

तुझा दादा आधी घड्याळाकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "पुढे काटे होते. कॅप्टन म्हणाले रूट ब्लॉक आहे. मग आम्ही लेकच्या काठाने... मागे-पुढे..."

"मागे-पुढे?"

"किलोमीटर भरेपर्यंत."

म्हणजे तेच पार्किंग, फक्त स्कूटरांच्या जागी माझ्या गावचा खड्डा. कॅप्टन गॉगल पुसायला लागले. म्हणाले, टेक्निकली डिस्टन्स सेम आहे. मी म्हटलं, भाऊ, आमच्यात टेक्निकली पाणी भरायला लावायचे.

सगळ्यांत मोठ्याने तुझा दादाच हसला हे सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील मावशी पोराची बदनामी करते. हसता हसता खाली बसला आणि रुमाल ओला करून माझे तळपाय पुसायला लागला. निघाले नाहीत, ते तसे निघत नाहीत. मान खाली घालूनच म्हणाला, "फोन मात्र बरोबर ठेवायचा, आई. आणि रिक्षा दारापर्यंत."

"आणि वांगी मी निवडणार."

"आणि वांगी तूच निवड."

त्या आठवड्यातच गेले मी खंडेराव मार्केटला. एकटी. भाजीवाली म्हणाली, "बा, क्यां खोवाई गयां हतां?" कुठे हरवला होतात म्हणून. मी म्हटलं, जरा फेरीला गेले होते. तीन चकरा मारल्या, वांग्यांना मनसोक्त हात लावला, दोन परत टाकली, ती ओरडली, मी ओरडले. मन भरलं. ग्रुपच्या त्या फोटोंना अजून लोक अंगठे देतायत म्हणे, 'निसर्गाच्या कुशीत'. देऊ देत. साडी मी धुवायला टाकली, काठ काळाच राहिला, वहिनी म्हणते टाकून द्या, मी कपाटात वर ठेवलीय.

तर रूट हा असा आहे. आता तू ये. नुसता फलाटाचा फोटो नको, उतर. आणि तुझ्या आईलाही घेऊन ये, तिची बोरीपासून पुढची फेरी बाकी आहे अजून. शेळीवालीला मी सांगून ठेवलंय. तिला म्हणावं, या खेपेला कोणी मूठभर बुक्का आणून देणार नाही, आणि वळवून मी बघणार आहे. घड्याळ पुण्यातच ठेव, जुनी साडी मी देईन. कोणत्या गाडीने येतेस तेवढं आदल्या दिवशी कळव, म्हणजे सकाळी मार्केटला जाऊन भरायला छोटी वांगी घेऊन येईन. लवकर ये ग, बाभूळ वाढतेय आणि मी काही रोज वाकायची नाही.